कंपनीत हात गेला आणि मालक म्हणतो "आपसात मिटवू": सही करायच्या आधी काय बघायचं

नागपुरात हिंगणा नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीत प्रेस मशीनवर कोणाचं बोट गेलं की दोन-तीन दिवसात सुपरवायझर दवाखान्यात येते, हातात व्हाउचर, त्यावर "फुल अँड फायनल" लिहिलेलं, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला अन तारखेची जागा कोरी. घरच्यांना भाडं-किराणा दिसून राहिला असतो म्हणून सही होऊन जाते. भाऊ, बेडवर असताना सही करायचीच नाही, कितीही गोड बोलू द्या.

सगळ्यात आधी पगाराची स्लिप काढा. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कटत असेल (पगार 21,000 पर्यंत असला तर बहुतेक कटतेच) तर मालकाकडून भरपाई मागता येत नाही, ईएसआयकडूनच मिळते, पण कायमचं अपंगत्व आलं तर तिथून जन्मभर दर महिन्याला पैसे येतात. म्हणून मालक "ईएसआयला कळवू नको, पन्नास हजार घे" म्हणत असेल तर समजून जा तो तुमची पेन्शन विकत घेऊन राहिला. अपघाताचा रिपोर्ट आधी करायला लावा, सोमवारी पेठेतल्या ईएसआय हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा.

ईएसआय नसेल तर हिशोब स्वतः करा, अवघड नाही. 1923 चा भरपाई कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण रीत तीच आहे: महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा फॅक्टर (कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा), अन त्याच्यातून अपंगत्वाचे टक्के. समजा वय 35, पगार 14,000, अंगठा गेला. पगाराचे 60 टक्के 8,400, गुणिले 35 वयाचा फॅक्टर 197.06 म्हणजे 16,55,304, अंगठ्याला शेड्यूलमधे (कोणत्या जखमेला किती टक्के याची कायद्यातली यादी) 30 टक्के, म्हणजे जवळपास 4 लाख 97 हजार. आता ते पन्नास हजार आठवा! महिन्याभरात पैसे दिले नाही तर 12 टक्के व्याज चढते, वरून 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकते, अन दंड विमा कंपनी भरत नाही, मालकालाच भरावा लागते. बोलणी करताना हे लक्षात ठेवा. दवाखान्याचा खर्च दिला म्हणून भरपाईतून कापतो म्हणाला तर ऐकू नका, तो खर्च वेगळा. ठेकेदाराकडे असाल तरी कंपनीवर दावा करता येते.

टक्क्यांची गोष्ट मात्र नीट समजून घ्या कारण खरी भांडणं इथंच होतात. जखम शेड्यूलमधे नसेल तर डॉक्टर कमाईची ताकद किती गेली ते ठरवते, म्हणून ट्रीटमेंट पूर्ण झाल्याशिवाय, फिजिओ संपल्याशिवाय आकडा ठरवूच नका, आज 15 वाटते ते सहा महिन्यांनी बोटं वळेनात तर 40 होऊ शकते. अन कोणतं काम करत होता हेही बघावं लागते, सुप्रीम कोर्टानं 1975 च्या प्रताप नारायण सिंग देव केसमधे डावा हात गेलेल्या सुताराचं नुकसान 100 टक्के धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही.

मग सेटलमेंट करायची का? माझ्या मते दोन वेळी करावी. एक, टक्क्यांवरच वाद आहे, तुमचा डॉक्टर 40 म्हणते त्यांचा 25, तेव्हा मधला आकडा घेऊन आत्ता पैसे हातात येणं बरं. दुसरं, तुमच्याकडे नोकरीचा पुरावाच कच्चा आहे, हजेरी कार्ड नाही, पगार रोख, साथीदार साक्ष द्यायला घाबरून राहिले. बाकी शेड्यूलमधल्या स्पष्ट जखमेत हिशोबाच्या खाली एक रुपया उतरू नका, हक्क सोडतो असं लिहून दिलेलं कायद्यात चालतही नाही.

अन जे ठरेल ते कमिशनरकडे, म्हणजे भरपाईची प्रकरणं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे (नव्या संहितेत "सक्षम प्राधिकारी", आपल्याकडे जुन्या कायद्यात हे लेबर कोर्टात होत होतं), नोंदवून घ्या. रक्कम फारच कमी वाटली तर कमिशनर नोंद नाकारू शकते, हा तुमच्याच फायद्याचा भाग आहे. नोंद न केलेल्या कागदानं मालक पूर्ण रकमेतून सुटत नाही. माणूस दगावला असेल तर पैसे थेट घरच्यांच्या हातात घेऊच नका, कमिशनरकडेच जमा व्हायला पाहिजे.

बोलणी लांबली तरी दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावा, "बघू, देऊ" करत करतच ही मुदत निघून जाते. वकिलाचे पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्समधे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कामगाराला तिथं फुकट वकील मिळू शकते, जाताना पगाराचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड अन पोलिसात नोंद झाली असेल तर त्याची कॉपी घेऊन जा.