सिग्नल खात्यातला पगार आणि रात्रपाळीचा हिशोब

बेळगाव-खानापूरकडची मुलं रेल्वेच्या टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नलचा फॉर्म भरताना जाहिरातीतला एकच आकडा बघतात: लेव्हल ५, २९,२०० रुपये. तो नुसता बेसिक, म्हणजे मूळ पगार. हातात किती पडणार हे ठरतं हेडक्वार्टर, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, कुठे मिळालं आणि महिन्यात किती रात्री लागल्या यावर.

हिशोब सोपा जावा म्हणून महागाई भत्ता (डीए) ५० टक्के धरू. हा जानेवारी २०२४ चा दर. पुढे तो वाढलाय, तेव्हा चालू दर घालून हीच मांडणी करा. बेसिक २९,२००, डीए १४,६००, प्रवास भत्ता १,८०० आणि त्यावरचा डीए धरून २,७००. खरा फरक पडतो घरभाडे भत्त्यात. या भत्त्यासाठी गावांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. बेळगाव वाय वर्गात, म्हणून २० टक्के, ५,८४० रुपये. खानापूर, लोंढा, घटप्रभा, रायबाग, कुडची झेड वर्गात, तिथे १० टक्के, २,९२०. भत्ता ड्यूटीच्या ठिकाणावर मिळतो, राहत्या घरावर नाही. टिळकवाडीत राहून रोज खानापूरला गेलात तरी दर झेडचाच. रेल्वे क्वार्टर घेतलं की हा भत्ता बंद, शिवाय लायसन्स फी कापली जाते. एकूण बेळगावात ५२,३४०, खानापुरात ४९,४२०. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, असेल तर यातून बेसिक-डीएचे १० टक्के, ४,३८० रुपये, जातात.

आता रात्रपाळी. रात्री १० ते सकाळी ६ एवढेच तास मोजतात आणि दर तासाला १० मिनिटं जादा धरतात. तासाचा दर म्हणजे बेसिक अधिक डीए, भागिले २००. इथे ४३,८०० ÷ २०० = २१९ रुपये. १० ते ६ ची पूर्ण रात्र केली तर ८० मिनिटं जादा, म्हणजे २९२ रुपये. अशा दहा रात्री झाल्या की २,९२०. बेळगाव-खानापूरच्या घरभाड्यातला फरक बरोबर भरून निघतो. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, मात्र नीट बघा. रात्री १२ ते ८ च्या पाळीत सहाच तास मोजले जातात, २१९ रुपये. दुपारी ४ ते १२ मध्ये दोन तास, ७३ रुपये. पुष्कळ जण इथेच फसतात आणि पैसे कमी आले म्हणून तक्रार करतात.

२०२० च्या आदेशात या भत्त्याला बेसिकची मर्यादा आहे, ४३,६००. लेव्हल ६ चा जेई (ज्युनियर इंजिनिअर) ३५,४०० वर सुरू होतो आणि इन्क्रिमेंट घेत ४४,९०० वर गेला की भत्ता थांबतो. एसएसईचा (सीनियर सेक्शन इंजिनिअर) बेसिकच ४४,९०० पासून, त्यामुळे त्याने रात्रपाळी घरखर्चात धरूच नये.

ओव्हरटाइम वेगळा. एका रात्री तीन तास जादा थांबलात म्हणून तो लगेच लागू होत नाही. कंटिन्युअस (सलग कामाच्या) रोस्टरला दोन आठवड्यांची सरासरी काढतात. रोस्टरचे तास संपल्यापासून आठवड्याला ५४ तासांपर्यंत दीडपट, त्यापुढे दुप्पट.

पॉइंट (रूळ बदलणारी यंत्रणा) किंवा ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते दाखवणारी यंत्रणा) फेल झालं म्हणून अवेळी बोलावणं आलं, तर स्टेशनच्या फेल्युअर रजिस्टरमध्ये मेमोची (बिघाडाच्या लेखी कळवणीची) वेळ आणि दुरुस्तीची वेळ दोन्ही पडल्याशिवाय स्टेशन सोडू नका. त्याच वेळा स्वतःच्या डायरीत उतरवा आणि महिनाअखेरीस युनिटचं स्टेटमेंट पुढे जाण्याआधी ताडून बघा. डीए मागच्या तारखेपासून वाढला, तर त्या महिन्यांच्या रात्रपाळीचा फरकही मागून घ्या.