रेफ्रीवर बोला, त्याच्या रंगावर नको

शनिवारी रात्री फुटबॉलची मॅच चालू असते, ग्रुपवर मेसेज धडाधड पडत असतात, पेनल्टी मिळाली नाही की पहिला मेसेज रेफ्रीच्या आईबहिणीवर आणि रेफ्री गोरा नसेल तर दुसरा त्याच्या रंगावर. त्या दुसऱ्या मेसेजवर कोणी काही बोलत नाही, हसायची इमोजी टाकतात आणि पुढे जातात. मला हे फार लागतं. रेफ्रीला काही बोलूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, चुका होतात, मोठ्या होतात, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण बोलायची पण एक पद्धत लावून घेता येते, मी माझ्यापुरती लावलीये, ती सांगतो.

सगळ्यात आधी मॅच सुरू व्हायच्या आधी रेफ्रीचं नाव बघून ठेवा. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या टॉप लीगच्या साईटवर काही दिवस आधीच कुठल्या मॅचला कोण रेफ्री, कोण असिस्टंट, व्हीएआरला (व्हिडिओ बघून रेफ्रीला सांगणारा) कोण हे सगळं येतं, दोन मिनिटांचं काम आहे. नाव माहीत असलं की तोंडात नावच येतं, नाहीतर "तो काळा", "तो सरदार" असं सुरू होतं. आता कोणी म्हणेल की ओळखायला म्हणून बोललो, मनात काही नव्हतं. तर ८ डिसेंबर २०२० ची पॅरिसमधली पीएसजी विरुद्ध इस्तंबूल बशाकशेहिर मॅच आठवा, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लब्सच्या स्पर्धेची. फोर्थ ऑफिशियल, म्हणजे मैदानाबाहेर उभा राहणारा चौथा रेफ्री, होता रोमानियाचा सेबास्टियन कोल्तेस्कू, त्याला बशाकशेहिरचा असिस्टंट कोच पिएर वेबो मेन रेफ्रीला दाखवून द्यायचा होता आणि तो त्याच्या रोमानियन भाषेत बोलला की तो तिकडचा काळा. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. बेंचवरून बशाकशेहिरचा ब्लॅक प्लेअर डेम्बा बा उठला आणि त्याने विचारलं, गोऱ्या माणसाबद्दल बोलताना तू 'हा गोरा' म्हणत नाहीस, नुसतं 'हा माणूस' म्हणतोस, मग काळ्या माणसाबद्दल बोलतानाच रंग का लागतो? दोन्ही टीम्स मैदान सोडून गेल्या, मॅच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रेफ्रींना घेऊन पूर्ण केली. कोल्तेस्कूची बाजू घेणारे म्हणत होते की रोमानियन भाषेत तो साधा रंगाचा शब्द आहे, शिवी नाही. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) पण त्याच्यावर वर्णद्वेषाचा नाही, अयोग्य वागण्याचा ठपका ठेवला, सीझन संपेपर्यंत सस्पेंड केलं आणि ट्रेनिंग घ्यायला लावलं. मराठीत 'काळा' पण साधा रंगाचाच शब्द आहे, आणि लहानपणापासून शाळेत, गल्लीत तो कुणाला कसा चिकटवला जातो हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. डेम्बा बाचा प्रश्न आपल्या ग्रुपला पण तसाच्या तसा लागू आहे.

दुसरं, थोडा इतिहास माहीत असू द्या, कारण त्याशिवाय या रेफ्रींवर किती नजरा असतात हे कळत नाही. प्रीमियर लीगमध्ये पहिला ब्लॅक रेफ्री युरायाह रेनी, १९९७ साली. जमैकात जन्म, शेफिल्डमध्ये वाढला. १९९९ च्या सीझनच्या पहिल्याच दिवशी त्याने अॅलन शिअररला रेड कार्ड दिलं होतं, न्यूकॅसलच्या घरच्या हिरोला, म्हणजे माणूस कचरणारा नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये तो वारला. रेफ्रीगिरी त्याने २००८ मध्येच थांबवली होती आणि त्यानंतर प्रीमियर लीगला दुसरा ब्लॅक रेफ्री मिळायला पंधरा वर्षं लागली, सॅम अॅलिसन, आधी फायर ब्रिगेडमध्ये होता, २६ डिसेंबर २०२३ ला शेफिल्ड युनायटेड विरुद्ध लूटन. पंधरा वर्षं!! एवढ्या काळात मैदानावर ब्लॅक प्लेअर्स किती होते बघा आणि शिट्टी कुणाच्या हातात होती ते बघा. मग ९ मार्च २०२४ ला क्रिस्टल पॅलेस विरुद्ध लूटनला सनी सिंग गिल, प्रीमियर लीगमधला दक्षिण आशियाई वंशाचा पहिला रेफ्री. त्याचे वडील जर्नेल सिंग पगडी घालून इंग्लिश फुटबॉल लीगच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीग्जच्या मॅचेस घ्यायचे, भाऊ भूप्स प्रीमियर लीगमध्ये असिस्टंट. असं एकटंदुकटं कोणी असलं ना, की त्याची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही, सगळ्या जमातीच्या खात्यावर लिहिली जाते. आणि बरोबर दिलेले पन्नास निर्णय कुणाच्याच खात्यावर जात नाहीत.

म्हणून तिसरी गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात कामाची वाटते. मेसेज टाईप केला की पाठवायच्या आधी रेफ्री बदलून बघा. हाच निर्णय गोऱ्या रेफ्रीने दिला असता तर मी हेच वाक्य लिहिलं असतं का? उदाहरण घ्या, जानेवारी २०२५, वूल्व्ह्ज विरुद्ध आर्सेनल, रेफ्री मायकल ऑलिव्हरने आर्सेनलच्या लुईस-स्केलीला थेट रेड दिलं, नंतर अपिलात ते रद्द झालं म्हणजे निर्णय चुकलाच होता. त्याला आणि घरच्यांना इतक्या घाण धमक्या आल्या की पोलिसांपर्यंत गेलं, ते भयंकरच आहे. पण त्या सगळ्या गदारोळात "गोऱ्यांना रेफ्रीगिरी जमत नाही, यांना घेतातच कशाला" असं मी तरी कुठे ऐकलं नाही. आता दुसरीकडे १२ जानेवारी २०२२, आफ्रिका कप, ट्युनिशिया विरुद्ध माली, झांबियाच्या रेफ्री जॅनी सिकाझ्वेने ८५व्या मिनिटालाच शिट्टी वाजवली, मग चूक लक्षात आल्यावर खेळ सुरू केला आणि परत पूर्ण ९० मिनिटं व्हायच्या आत संपवला. जगभर क्लिप फिरली, आपल्याकडे पण फिरली, "आफ्रिकेत असंच चालतं" म्हणून. नंतर कळलं की त्या उन्हात त्याला हीटस्ट्रोक झाला होता, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, जिवावर बेतलं होतं. त्याच वर्षी वर्ल्ड कपला बेल्जियम विरुद्ध कॅनडा त्यानेच घेतली, ती क्लिप कोणी फिरवली नाही. ऑलिव्हरची चूक ऑलिव्हरची, सिकाझ्वेचं आजारपण मात्र अख्ख्या खंडाचं, हा फरक एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

मग टीका करायची कशावर? निर्णयावर. कुठल्या मिनिटाला, काय झालं, रेफ्री कुठे उभा होता, त्याला दिसण्यासारखं होतं का, असिस्टंटचा अँगल काय, व्हीएआरने बघितलं का आणि नसेल बघितलं तर का नाही. टीव्हीवर आपल्याला पाच अँगल स्लो मोशनमध्ये मिळतात, त्याला एक, तो पण पळता पळता. आणि घाई नसेल तर थांबा, इंग्लंडमध्ये पाच जणांचं एक पॅनल मोठ्या निर्णयांवर नंतर मत देतं, त्यात तीन जण माजी प्लेअर किंवा कोच असतात, ते काय म्हणाले ते बातम्यांत येतं. आपलं आणि त्यांचं जुळतंय का बघायला मजा पण येते.

क्लिप पूर्ण बघा हे तर आलंच. अर्ध्या क्लिपने काय होतं ते २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियात दिसलं, रेयाल माद्रिदचा ब्लॅक प्लेअर विनिसियस, त्याला स्टँडमधून माकड म्हणत होते, मॅच थांबवावी लागली, शेवटी शेवटी झटापट झाली, आधी व्हॅलेन्सियाच्या ह्यूगो दुरोने विनिसियसचा गळा आवळला आणि मग विनिसियसचा हात लागला, पण व्हीएआरमधून मैदानातल्या रेफ्रीला फक्त दुसरा भाग दाखवला. रेड कार्ड कुणाला? ज्याला शिव्या पडत होत्या त्यालाच. ते कार्ड दोन दिवसांनी रद्द झालं, व्हीएआरवाल्याला काढलं. म्हणजे रेफ्रींनाही जाब विचारायलाच हवा, फक्त पुरावा धरून.

आणि रेफ्रीच वर्णद्वेषी आहे असा आरोप झाला तर? तेव्हा दोन्ही बाजूंनी घाई नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये चेल्सी-मँचेस्टर युनायटेडनंतर रेफ्री मार्क क्लॅटनबर्गवर आरोप झाला की तो चेल्सीच्या जॉन ओबी मिकेलला वर्णावरून बोलला. ऐकलं होतं त्याच्याच टीममधल्या रामिरेसने, खुद्द मिकेलने नाही. चौकशी झाली, पोलिसांनी पण प्रकरण सोडलं, एफएने (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने) त्याला निर्दोष ठरवलं, तोवर महिनाभर तो मॅचबाहेर. तक्रार करणं चूक नव्हतं, कोणी ऐकलं असेल तर सांगायलाच पाहिजे आणि चौकशी व्हायलाच पाहिजे, पण निकालाआधी बाहेर लोकांनी जो निकाल लावला तो चूक होता. आकड्यांचं पण तसंच. "गडद रंगाच्या प्लेअर्सना रेड कार्ड जास्त मिळतात" हे खरं का, यावर २०१८ मध्ये एक प्रयोग छापून आला. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, स्पेनच्या टॉप लीगमधल्या प्लेअर्सचा एकच डेटा २९ टीम्सना दिला, २० टीम्सना फरक सापडला, ९ टीम्सना ठोस असं काही सापडलं नाही. डेटा तोच, हिशोब लावायची पद्धत वेगवेगळी. तेव्हा एक ग्राफ टाकून "सिद्ध झालं" म्हणणाऱ्याला आधी विचारा की हिशोब कसा लावला, सिद्ध झालं म्हणो किंवा सगळं खोटं म्हणो, दोघांनाही.

शेवटचं, रंगावरून घाण कमेंट दिसली तर काय करायचं. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात अकाउंटचं नाव, तारीख आणि लिंक दिसू दे, कारण रिपोर्ट केल्यावर पोस्ट उडते आणि हातात काही राहत नाही. मग अॅपवर रिपोर्ट करा. इंग्लिश फुटबॉलमधलं असेल तर किक इट आऊट म्हणून संस्था आहे, १९९३ पासून हेच काम करते, त्यांच्याकडे ऑनलाइन तक्रार देता येते. तो स्क्रीनशॉट "बघा किती नीच लोक आहेत" म्हणून स्टोरीला टाकू नका, त्याने ती कमेंट अजून हजार जणांपर्यंत जाते आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या पोरांपर्यंत पण. आणि कमेंट आपल्याच ग्रुपमधल्या मित्राची असेल तर सगळ्यांसमोर भांडू नका, पर्सनलवर लिहा, मी एवढंच लिहितो: "भावा पेनल्टी होती हे मला पण पटतंय, पण ते रंगाचं डिलीट कर." बहुतेक जण करतात.