हद्द ओलांडल्यावर घड्याळ कुणाचं?

प्रोबेशनवर आलेल्या फौजदाराला मी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "आरोपीची गाडी पुढे, तुमची मागे आणि समोर दुसऱ्या राज्याची पाटी. थांबणार का?" निम्मे जण थांबतात, परवानगीसाठी साहेबांना फोन लावतात. तेवढ्यात आरोपी गेला!

थांबायचं कारण नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 45 वाचा. 1 जुलै 2024 च्या आधी हेच सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, 48 होतं. ज्याला विनावॉरंट अटक करता येते, त्याच्या मागे भारतात कुठंही जाता येतं.

उरलेले निम्मे हे कलम पाठ करून आलेले असतात. मला काळजी त्यांची वाटते, कारण मीही त्यांच्यातलाच होतो.

फौजदार होऊन दोनच वर्षं झाली होती. घरफोडीतला आरोपी सासुरवाडीला असल्याची टीप आली. गाव कागलच्या पलीकडे, कर्नाटकात. डीबीची, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाची, तीन पोरं, एक जुने हवालदार आणि मी, असे साध्या वेशात खासगी जीपनं निघालो. आमच्या ठाण्यातली रवानगीची नोंद तेवढी केली होती. तिथल्या ठाण्याला कळवायचं मीच टाळलं. वाटलं, उगाच बातमी फुटेल.

दिवेलागणीला आरोपी पारावर सापडला. दंडाला धरला तसा तो ओरडला, "पळवून नेतायत!" पाच अनोळखी माणसं, परक्या पासिंगची जीप, तोंडात मराठी. पन्नासेक माणसं जमली आणि कुणीतरी जीपची चावी काढून घेतली. मी ओळखपत्र दाखवलं, तर एका म्हाताऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःच्याच खिशात टाकलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

शेवटी तिथल्या ठाण्याचा हवालदार मोटारसायकलवर आला. मोडक्या हिंदीत त्यानं एवढंच विचारलं, "एन्ट्री किधर है?" त्यानं आम्हाला ठाण्यात नेलं, बाकावर बसवलं. आमच्या साहेबांचा फोन येईपर्यंत साडेतीन तास गेले.

परत आल्यावर अटक फॉर्म भरताना मी हात उचलला तो आमच्या ठाण्यातल्या घड्याळाकडे बघत. रात्रीचा दीड. हवालदारांनी पेन धरलं. "साहेब, त्यांच्या डायरीत पावणेसात चढलेत. तुम्ही दीड लिहिलात की वकील दोन्ही कागद शेजारी ठेवील."

तेव्हापासून माणसाच्या अंगाला हात लागला की मी आधी वेळ बघतो. आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला मिळणारे चोवीस तास तिथून मोजायचे, आपल्या ठाण्यात पोचल्यापासून नव्हे. कलम 58 प्रवासाचा आवश्यक वेळ वगळू देतं, पण बाकावर काढलेले साडेतीन तास हा प्रवास नव्हे. अंतर लांब असेल तर तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या हद्दीत नेण्याची परवानगी, घ्या. संहितेत हा शब्द शोधू नका, सापडणार नाही. कामात मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

स्थानिक ठाण्यात जाताना एक आणि परतताना एक, अशा दोन नोंदी करा. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं परराज्यातल्या अटकेबाबत दिलेल्या सूचनांतही ही नोंद आहे. बातमी फुटायची भीती असेल, तर गाव न सांगता ठाणे अंमलदाराला "तुमच्या हद्दीत आहोत, तासाभरात माणूस द्या" एवढं सांगता येतं. मी आता तेच करतो. महिला आरोपी असेल तर महिला अंमलदार निघतानाच गाडीत हवी. सूर्यास्तानंतर तर हात आणखी बांधलेले असतात.

हाती वॉरंट असेल तर रस्ता वेगळा. कलम 81 प्रमाणे तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाणे प्रभारीचा शेरा घ्यायचा. त्यात वेळ जाऊन माणूस निसटणार असेल तर शेऱ्याविना बजावता येतं. झडतीही तशीच. पुरावा नाहीसा होईल म्हणून दुसऱ्याच्या हद्दीत घराची झडती घेतलीत, तर कलम 186 प्रमाणे तिथल्या ठाण्याला लगेच सूचना आणि जप्तीच्या यादीची प्रत द्या. मोबाईलवर चित्रीकरणही आता करावंच लागतं. पोरं नेमकी बॅटरी संपवून येतात!

आणि खरोखरच्या गाडीमागच्या गाडीबद्दल: जिल्हा बदलला की आपल्या वायरलेसवर खरखर सुरू होते. त्याआधीच गाडीचा नंबर, रंग आणि दिशा कंट्रोलला द्या, म्हणजे पुढच्यांना नाकाबंदी लावता येते. बाजाराच्या गर्दीत शिरलेली गाडी मी दोनदा सोडून दिली आहे. एकदा पुढच्या जिल्ह्यानं पकडली, एकदा नाही पकडली. दुसऱ्या वेळी साहेबांनी तासभर झापलं. त्या बाजारात त्या दिवशी कुणी चिरडलं गेलं नव्हतं, एवढं मी त्यांना सांगितलं आणि गप्प बसलो.

कागलपलीकडच्या त्या फॉर्मवर शेवटी 18.45 च लिहिलं. सुनावणीत वकिलानं आधी त्यांची डायरी मागवली, मग आमचा फॉर्म. दोन्हींवर बोट फिरवलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. म्हाताऱ्याच्या खिशातलं ओळखपत्र मात्र आठवड्यानं टपालानं आलं.