म्हाताऱ्या माणसांचा छोटा विमा विकायचाय, तर एजंटने कंपनी कशी निवडायची

इंदूरमध्ये एजन्सी सुरू करणारी आपली मुलंमुली सगळ्यात आधी विचारतात, कमिशन कोण जास्त देतं. पण तुमचे क्लायंट जर सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग इकडचे साठीच्या आसपासचे काका-काकू असतील आणि त्यांचं म्हणणं एवढंच असेल की आम्ही गेल्यावर मुक्तिधामचा खर्च, दहावा-तेरावा, ओंकारेश्वरला अस्थी नेणं, हॉस्पिटलचं राहिलेलं बिल हे सगळं पोरांच्या अंगावर नको, तर कमिशनचा प्रश्न शेवटी विचारा. आधी बघा की ही कंपनी अशा माणसाला घेते का, आणि तो गेल्यावर पैसे लवकर देते का.

अमेरिकेत यासाठी फायनल एक्सपेन्स नावाचा वेगळा प्रकारच आहे, तिथला एजंट चार-पाच कंपन्यांचं काम ठेवतो आणि तब्येत बघून ठरवतो, धडधाकट असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण कव्हर, आजारी असेल तर अशी पॉलिसी की ज्यात साधारण पहिल्या दोन वर्षांत आजाराने गेला तर भरलेले पैसे थोडे वाढवून परत, पूर्ण रक्कम नाही. आपल्याकडे तशी सोय नाही, इंडिव्हिज्युअल एजंटला लाइफची एकच कंपनी धरता येते. कॉर्पोरेट एजंटला (म्हणजे बँकेसारख्या संस्थेला) 9 पर्यंत, इन्शुरन्स मार्केटिंग फर्मला 6 पर्यंत, ब्रोकरला सगळ्या. आणि एकदा कंपनीचा एजंट कोड घेतल्यावर कंपनी बदलायची म्हटलं की आधी सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे काम सोडल्याचा जुन्या कंपनीचा दाखला, आणि त्यानंतर 90 दिवस थांबणं, म्हणून घाईत सही करू नका भिया.

पहिली गोष्ट वय. एंट्री एज, म्हणजे कितव्या वर्षापर्यंत पॉलिसी घेता येते, हे सगळेच विचारतात, पण कव्हर कितव्या वर्षी संपतं हे कोणी विचारत नाही आणि खरी गडबड तिथेच आहे. सरल जीवन बिमा या टर्म प्लॅनचं उदाहरण घ्या, कंपनी कुठलीही असो, अटी सारख्याच, 65 पर्यंत घेता येतो, कमीत कमी 5 लाखाचा, सुरुवातीचे 45 दिवस फक्त अपघाती मृत्यू कव्हर, पण तो 70 ला संपतो. काकू 84 पर्यंत जगल्या तर त्यांच्या दिवसांना त्यातून एक रुपया येणार नाही. यासाठी होल लाइफ पाहिजे, 99 किंवा 100 पर्यंत कव्हर आणि हप्ते मात्र ठराविक वर्षंच. ज्या कंपनीचा होल लाइफ प्लॅन छोट्या रकमेत आणि जास्तीत जास्त वयापर्यंत मिळतो ती तुमच्या यादीत वर ठेवा. क्लायंट 50 च्या आत असेल तर आधी त्याला बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती बिमा करायला सांगा, वर्षाला 436 रुपयात 2 लाख, तुम्हाला त्यात काही मिळत नाही पण त्याचं भलं होतं, फक्त ते 55 ला थांबतं हेही सांगा.

मग तब्येत. या वयात शुगर-बीपी नसलेला माणूस शोधून सापडत नाही, त्यामुळे तुमच्या ओळखीतले दोन-तीन खरे नमुने घेऊन ब्रांचमध्ये जा, म्हणजे 62 वर्षांचे, शुगरची गोळी चालू, एक स्टेंट टाकलेला, असं, आणि विचारा की घ्याल का, किती जास्त प्रीमियम लावाल, मेडिकल घरी येऊन करता का. उत्तर ईमेलवर मागा. जिथे कोणी तुम्हाला म्हणेल की "फॉर्ममध्ये शुगर लिहूच नका" त्या ब्रांचमधून उठून या. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिली तीन वर्षं कंपनी लपवलेल्या आजारावरून क्लेम नाकारू शकते, आणि अशा वेळी त्या घराला तोंड तुम्हालाच दाखवायचं असतं.

वयाच्या दाखल्याचंही विचारून घ्या. जुन्या बायकांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी असते, शाळेचा दाखला नसतो, मग कोणी ते चालवून घेतं, कोणी एक्स्ट्रा लावतं, कोणी परत पाठवतं.

क्लेमचं मात्र नीट खोदून बघा. नुसता सेटलमेंट रेशो (शंभरातले किती क्लेम दिले) 98-99 दाखवतात त्यावर जाऊ नका, त्यात ग्रुपचे क्लेमही मिसळलेले असू शकतात, इंडिव्हिज्युअलचा वेगळा बघा, नगांवर आणि रकमेवर दोन्ही, आणि किती क्लेम 30 दिवसांच्या आत दिले तेही. हे कंपनीच्या साइटवर पब्लिक डिस्क्लोजरमध्ये असतं, तिथेच 13 आणि 61 महिन्यांची पर्सिस्टन्सी (तेवढ्या महिन्यांनंतरही किती पॉलिसी चालू राहिल्या) मिळते आणि सॉल्व्हन्सी रेशो (देणी भागवायची कंपनीची ताकद) पण, तो 1.5 च्या खाली चालत नाही. चौकशीची गरज नसलेला डेथ क्लेम 15 दिवसांत द्यावा असा 2024 पासून नियम आहे. तरी इंदूरच्या ब्रांचमध्ये क्लेम हातात घेणारा माणूस बसतो का, की सगळं मुंबईला पाठवतात, हे स्वतः जाऊन बघा. तेराव्याच्या आत पैसे येणं कठीणच असतं, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीचा खर्च हातातून करावा लागेल, क्लेममधून तो भरून निघेल.

नॉमिनीचं नाव तर प्रपोजल फॉर्म भरायच्या दिवशीच जुळवून घ्या. आपल्याकडे पॉलिसीत सुमन, आधारवर सुमनबाई, बँकेत माहेरचं आडनाव, असं असतं आणि मग त्या बिचाऱ्या बाईला ॲफिडेव्हिटसाठी कोर्टापर्यंत फिरावं लागतं, तेही दुःखाच्या दिवसांत.

आता पैसे. ॲग्रीमेंट वाचा, पॉलिसी लवकर बंद पडली तर कमिशन परत घेतात का, तुम्ही काम सोडलं तर रिन्युअल, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन, मिळत राहतं का, तुमच्यामागे घरच्यांना मिळतं का. एवढं पुरे. आणि कोणी हप्त्यातून थोडं परत मागितलं तर सरळ नाही म्हणा, कलम 41 मध्ये त्याला 10 लाखापर्यंत दंड आहे.

72-75 वर्षांचे आजारी आजोबा आले आणि तुमच्या कंपनीत बसत नसतील, किंवा बसत असूनही चार-पाच वर्षांत हप्तेच कव्हरएवढे होणार असतील, तर ओढूनताणून पॉलिसी करू नका. त्यांना म्हणा, बँकेत एक एफडी करा, मुलगी किंवा मुलगा जो जवळ राहतो त्याला जॉइंट घ्या, आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो, पैसे काढू शकेल) असं लिहून घ्या आणि पावती कुठे ठेवलीय ते घरात सांगून ठेवा.