जुनं मराठी वाचायचंय ना, मग उलटीकडून सुरू करा

दोन वर्षांआधी १ जानेवारीला मी मोठ्या जोशात ज्ञानेश्वरी उघडली आणि संक्रांतीच्या आत मिटून ठेवली. प्रत्येक ओळीला खाली टीप बघा, मग अर्थ बघा, तोवर वरची ओवी काय होती तेच विसरायचं. सरळ १२९० सालात उडी मारली तर असंच होणार बाप्पा! आता जे करून राहिलो ते उलटं आहे, म्हणजे आजपासून मागे मागे जायचं.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांनी करा. १९३० च्या दशकातलं पुस्तक, भाषा घरातली आजी बोलते तशी, आणि त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, नागपूरला श्रीमंत बुटींकडे होते तो मुक्काम पण त्यात आहे, त्यामुळे आपल्याला नागपूरकरांना जास्तच जवळचं वाटतं. मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ती १८९० पासून 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्यानं आली होती, तुम्हीही तशीच घ्या, दोन-तीन प्रकरणं की बस.

त्यानंतर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', म्हणजे १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकलेल्या भटजीनं स्वतः सांगितलेलं. इथे आवृत्ती बघून घ्याच. १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी छापलं ते त्यांनी हात फिरवून छापलं, मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला काढलं. आणि लायब्ररीतून आणत असाल तर काउंटरवरच पानं चाळा. माझ्या प्रतीत ऐन झाशीच्या वेढ्यातली आठ पानं गायब होती, कोणी नेली देव जाणे, दुसरी प्रत मिळेपर्यंत मी तीन आठवडे वेढ्यातच.

बखरीपाशी लोक थांबतात. सभासदाची बखर (१६९७) छोटी आहे, तिच्यापासून सुरू करा आणि चक्क मोठ्यानं वाचा. ही वाक्यं कानासाठी आहेत, डोळ्यानं वाचली की गुंता, तोंडानं वाचली की श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं. घरचे हसतील, हसू द्या. फारसी शब्द खूप येतात, सगळे लिहून ठेवायच्या भानगडीत पडू नका, जो तिसऱ्यांदा भेटेल तोच वहीत घ्या. माझी वही यामुळे बारा पानांत आटोपली. गोडी लागली तर काशीराव राजेश्वर गुप्त्यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहेच, नागपूरचा महाल भाग ओळखीचा असला की वेगळीच मजा येते.

आता तेरावं शतक. आधी लीळाचरित्र, म्हणजे महानुभावांच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, कारण ते गद्य आहे आणि एकेक लीळा, म्हणजे प्रसंग, छोटी, काही तर चहा निवायच्या आत संपतात. म्हाइंभटांनी हे सगळं रिद्धपूरला बसून जमवलं, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातच. प्रत वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली शोधा, १९७८ ची, सरकारनं छापलेली. तेच कोलते आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुठे मिळेना तर नागपुरात बर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात जाऊन विचारा, ऑनलाइन स्कॅन शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा ते बरं.

एवढं झालं की ज्ञानेश्वरी. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, रोज पंचवीस म्हटल्या तर वर्ष लागतं, पण पहिल्या अध्यायापासून नको. बारावा घ्या, २४७ ओव्या आहेत, दहा दिवसांत होतो. मी सध्या सहाव्या दिवसावर आहे, सकाळी कूलर सुरू व्हायच्या आधी वाचून घेतो, नंतर त्याच्या आवाजात आपलंच वाचलेलं आपल्याला ऐकू येत नाही.