आयसीडी बसवून गावी परतल्यावर

जीवघेण्या धडधडीतून वाचलेला रुग्ण छातीत आयसीडी (हृदयाची लय बिघडली की शॉक देणारी छोटी मशीन) घेऊन घरी आला की घरचे निर्धास्त होतात. पण मशीन बिघडलेली लय फक्त मोडते, लय बिघडू न देण्याचं काम गोळ्यांचं असतं. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. एखादी विसरली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. लय ताब्यात ठेवणारी अमिओडारोन चालू असेल तर दर ६ महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरची रक्ततपासणी करा. या गोळीनं कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून वावरात पूर्ण बाह्या आणि डोक्याला दुपट्टा हवाच.

आपल्याकडे खरा घात होतो मे महिन्यात. जुलाब-उलट्या झाल्या की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं, आणि तीच लय पुन्हा बिघडते. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात कालवून द्या. लघवीची गोळी चालू असेल किंवा पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. गावातल्या दवाखान्यात अशा वेळी हमखास मिळणारी अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लोक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन, डॉमपेरिडोन ही औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवतात, त्यानं लय बिघडू शकते. आधी आयसीडीचं कार्ड दाखवा, मगच औषध घ्या. कार्डाचा आणि चिठ्ठीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

मशीन बहुधा डाव्या खांद्याखाली असते. पहिले ४ ते ६ आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ नका, नाहीतर मशीनची हृदयात गेलेली तार सरकते. पण हात अगदी बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. जखमेवर हळद नको. सूज, लाली किंवा पू दिसला तर कोणालाही तिथे सुई टोचू देऊ नका, थेट मशीन बसवलेल्या दवाखान्यात जा.

फवारणीचं काम दुसऱ्याकडे सोपवा. पंपाचा पट्टा नेमका मशीनवर घासतो, आणि ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांची बाधा झाली तर लयही बिघडते. रोही-डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लावू नका. मोटरपंपाची लाईन लीक असेल तर छातीतली मशीन तिलाच हृदयाची धडधड समजून उगाच शॉक देऊ शकते. वेल्डिंगपासून किमान २ फूट लांब राहा. मोबाइल उजव्या कानाला लावा, वरच्या खिशात ठेवू नका. विहिरीत उतरणं बंद. गाडी चालवायची का, ते डॉक्टरच ठरवतील.

एक शॉक बसला आणि रुग्ण बरा असेल तर वेळ लिहून ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही घेरी, दम, छातीत दुखणं राहिलं, तर १०८. शॉक बसताना रुग्णाला धरलं तर आपल्याला इजा होत नाही, फार तर हलकी झिणझिणी येते. शुद्ध गेली आणि श्वास नीट चालत नसेल तर मशीनची वाट पाहू नका: छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत आळीपाळीनं.