सीफर्ड ते ईस्टबर्न पायी जाताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे 'सेव्हन सिस्टर्स'चे पांढरे कडे बघायला लंडनची मराठी मंडळी बरीच जातात. बसने जायचं, फोटो काढायचे, परत यायचं. माझं मत विचाराल तर सीफर्ड गावातून निघून ईस्टबर्नपर्यंत सगळं पायी जावं. अंतर साधारण २२ किलोमीटर, दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन. वाटेतली सगळ्यात उंच जागा बीची हेड, ती फक्त १६२ मीटर. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो आणि तो तयारीत ढिला पडतो. इथे चढ एकच नाही. एक टेकडी चढा, उतरा, लगेच दुसरी चढा, असं सात-आठ वेळा होतं. सगळे चढ मिळून पाचशे मीटरच्या आसपास भरतात, आणि कुठे सावलीला झाड नाही.

कड्याच्या टोकाशी जाणं

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावणं आपल्याला नवीन नाही. तिथला कातळ काळा, घट्ट बेसाल्टचा. इथला दगड खडूचा आहे, बोट घासलं तर पांढरं होतं. लाटा तो खालून पोखरतात, पाऊस आणि गोठवणारी थंडी वरून भेगा पाडतात. त्यामुळे टोकाचं हिरवं गवत वरून शाबूत दिसतं आणि त्याच्याखाली कधी कधी नुसती हवा असते. उभ्या माणसाला ते कळायला मार्ग नाही. दरड कोसळते तेव्हा आधी काही सूचना मिळत नाही.

हा किनारा सरासरी वर्षाला फूटभराच्या आसपास मागे सरकतोय. बेल टूट हे जुनं दीपगृह कड्याच्या फार जवळ आलं, म्हणून १९९९ मध्ये ती अख्खी इमारत १७ मीटर आत सरकवावी लागली. सेव्हन सिस्टर्स संपतात तिथे बर्लिंग गॅप ही खोलगट जागा आहे; तिथे कोस्टगार्डच्या घरांची ओळ होती, त्यातली काही घरं पाडावी लागली. मी स्वतः कडेपासून निदान दहा पावलं आत चालतो, वारा असेल तर आणखी आत. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. फोटोसाठी सगळ्यात देखणी जागा सीफर्ड हेडच्या, म्हणजे सीफर्ड गावालगतच्या कड्याच्या, उतारावर आहे. समोर नदीच्या मुखापाशी कोस्टगार्डची दुसरी घरं, मागे सगळे कडे एका ओळीत. त्यासाठी टोकावर जावंच लागत नाही.

नदी मुखाशीच ओलांडू असं धरून चालणं

सीफर्डकडून उतरलात की ककमिअर नदीचं मुख लागतं. पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथे पूल नाही. ओहोटीला काही लोक पाण्यात उतरतात. तुम्ही उतरू नका. नदीचा शेवटचा भाग एकोणिसाव्या शतकात सरळ खोदून काढलेला आहे, त्यामुळे पाण्याला ओढ असते आणि तळाशी गाळ-गोटे. पूल आत एक्सीट (Exceat) नावाच्या वस्तीपाशी आहे. दोनेक किलोमीटर आत जायचं आणि जवळपास तेवढंच परत यायचं. आम्ही पहिल्या खेपेला हे धरलंच नव्हतं. तासभर तिथे गेला आणि शेवटचा उतार अंधारात उतरावा लागला. आता मी घरून निघतानाच हा तास हिशेबात धरतो.

कड्याखालच्या वाळू-गोट्यांवरून बर्लिंग गॅपपर्यंत जायचा मोहही टाळा. मधे वर यायला वाट नाही. भरती आली की माणूस कड्याच्या आणि पाण्याच्या मधे अडकतो. कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

उशिरा निघणं

जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारलाच सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, तो दिवस हमखास फसवतो. मी हिवाळ्यात सकाळी नऊच्या आत सीफर्ड सोडतो. बीची हेड आलं म्हणजे संपलं असंही धरू नका, तिथून स्टेशन अजून चार-पाच किलोमीटर लांब आहे.

वेळ हुकली किंवा पाय बोलायला लागले तर सुटकेच्या दोन जागा आहेत. पहिली एक्सीट. दुसरी, बर्लिंग गॅपवरून दीडेक किलोमीटर आत असलेलं ईस्ट डीन गाव. दोन्हीकडून ब्रायटन-ईस्टबर्न रस्त्यावरची १२ नंबरची बस मिळते. बर्लिंग गॅपच्या पुढे धुकं दाटलं तर कड्याकडची पायवाट सोडा आणि आतल्या बाजूच्या डांबरी रस्त्याने चला.

तिकीट आणि बूट

लंडनहून सीफर्डचं रिटर्न काढलं तर ते ईस्टबर्नहून चालत नाही. दोन्ही गावांचे रेल्वेफाटे लुईस स्टेशनला मिळतात, त्यामुळे ईस्टबर्न ते लुईस वेगळं तिकीट लागतं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात, आदल्या रात्री बघून ठेवा.

ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज तिथे कामाचे नाहीत. बुटाला खोल खाचा हव्यात. पाणी माणशी दोन लिटर घ्या, आणि एक्सीटला बाटली भरून घ्यायची संधी मिळाली तर सोडू नका.

कुरणांत मेंढ्या असतात. फाटक जसं मिळालं तसंच ठेवून पुढे जा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.